सात जणींचे पाय घसरले

आईले तनुजाचा वाकून नमस्कार (वाकता येते, पाहून घे).

फोन कटला तेव्हा मी हेच सांगून राह्यली होती, की रुपामावशी पायाळू असली तरी तिचा पाय पाठीले लावून माही उसण जाणार नाही. ती रोज नव्यानं भरते. विमान वर चढत असतानाच आमी जेवणाची गाडी ढकलतो. वांग्याची तीन पोती लादलेली हातगाडी समज, अन रस्ता सारा चढाचा.

माहं जेवण वेळेवर आहे. डॉक्टरनं कमरेले पट्टा देल्ला, युनिफॉर्मखाली दिसतही नाही.

काल सुटीचा फॉर्म भरला. ऑफिसातली मॅडम म्हणे, "कारणात लिही, घरी पाय घसरला. लवकर मंजूर होते."

म्या म्हटलं, "आमच्या घरी कोणी घसरत नाही, मॅडम." अन लिहिलं, गाडी ढकलून.

मॅडमचं तोंड उतरलं. या महिन्यात सात जणींचे पाय घरीच घसरले होते ना. आता त्यातल्या दोघी खरं कारण लिहायले आपले फॉर्म वापस मागून राह्यल्या.

सोमवारपर्यंत कारण बदल, नाही तर विमानातून काढून ऑफिसात बसवतो, म्हणतात. मी बदलत नाही. नोकरीही सोडत नाही, मले उडायचंच आहे. बाबाले एवढंच सांग, पोरगी मजेत आहे.

तुही तनुजा

ता. क. मंगरूळच्या डॉक्टरले तू दरवेळी "असंच दुखते" सांगते, डोक्यावरच्या टोपल्याचं नाव काढत नाही. आता तूच सांग, म्या लिहिलं ते बरोबर का चूक?