सरांचे पाठकोरे गठ्ठे

२ सप्टेंबर २०२२, लातूर
झालं, ठरलं एकदाचं! दसरा झाला की खोली सोडायची आणि नांदेडला शिल्पाकडं जायचं. लेकीची अट एकच — "आई, तू ये, पण कागदं आणू नको. फोनमध्ये भरून आण." दोन खोल्यांत ती, जावई आणि बाळ. तिचंही खरंच हाय. पण मास्तराच्या घरात कागदाशिवाय निघणार तरी काय? कपाटात लुगडी चार आणि फायली चाळीस!

व्हिडिओ कॉलवर शिकवलं तिनं. फोल्डर करायचे — घर, दवाखाना, बँक, बाबा. नाव देताना आधी वर्ष, मग विषय. "रेशनकार्ड म्हणून शोधलं की दोन सेकंदांत पुढं येतं बघ." मी म्हटलं, तुझ्या बाबांना असं शोधता आलं असतं तर! बोलायला नको होतं. ह्यांना जाऊन दीडच वर्ष झालंय.

४ सप्टेंबर
सकाळपासून फोटो काढत बसले. लाइटबिलं, माझं बारावीचं मार्कमेमो, शिल्पाची लसीची कार्डं. फोटो नीट आला की कागद फाडायचा. पहिला फाडायच्या आधी फोटो तीनदा उघडून बघितला. दहावा फाडताना मजा आली!

एक मात्र फाडवला नाही. त्र्याण्णवच्या भूकंपातल्या मयतांच्या यादीची नक्कल. त्यात अक्काचं नाव — सिंधु भीमाशंकर, वय बावीस. माझी सख्खी थोरली बहीण. ती अन् तिची सासू दगडमातीखाली गेल्या. हे तेव्हा अक्काचे मालक — त्या रात्री लातुरात, क्लासच्या खोलीवर होते म्हणून वाचले. वर्षभरानं आमच्या आप्पांनी मला ह्यांनाच दिलं. "माणूस चांगला हाय. घरातलं घरात राहील." मी एकोणीसची. तोवर ह्यांना दाजी म्हणायची. लग्न झाल्यावरही तोंडातून दाजीच निघायचं, अन् शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढं सगळ्यांसारखं 'सर' म्हणायला लागले.

यादी कुठल्या फोल्डरात टाकावी कळेना. 'घर'मध्ये टाकली.

७ सप्टेंबर
'बाबा' फोल्डर. सात गठ्ठे निघाले! चौऱ्याण्णवपासूनचे केमिस्ट्रीचे टेस्ट पेपर. सरांनी स्वतः सुतळीनं बांधलेले, कुणी हात लावायचा नाही. तेव्हा क्लास म्हणजे पत्र्याची खोली अन् सतरंजीवर चाळीस पोरं. आता गल्लोगल्ली डॉक्टर करून देणाऱ्यांचे बोर्ड. आमची ही खोलीसुद्धा पोरींच्या हॉस्टेलला चालली.

एवढी पानं फोनवर कधी व्हायची? रिक्षात घातली अन् खाजामियाँच्या झेरॉक्सवर नेली. सरांचा तीस वर्षांचा दोस्त. पानं आपोआप ओढून घेणारी मशीन हाय त्यांच्याकडं. "भाभी, दोन्ही बाजू काढू?" म्हटलं, छे हो, सगळे पाठकोरे. सायक्लोस्टाईलची शाई मागं उमटायची म्हणून एकाच बाजूनं छापायचे. सरांच्या घरातली बाई मी, मला माहीत नसेल?

९ सप्टेंबर
तेराशे चाळीस पानं एवढ्याशा पेनड्राइव्हमध्ये! कागद परस्पर रद्दीला द्या म्हटलं. घर मोकळं झालं. फारच मोकळं झालं.

१४ सप्टेंबर
दुपारभर ह्यांचे प्रश्न वाचत बसले. कळत काडीचं नाही. पण अक्षर! 'द्रावण' लिहिताना द ला केवढी शेपटी.

सव्वीस वर्षं नांदले, अन् माझ्यासाठी लिहिलेली एक ओळ नाही. बोलणं तरी काय? जेवायला बसले की आज कोणतं पोरगं रडलं, बॅचला किती आले, कुणाच्या बापानं काय विचारलं. रोजचं तेच. अक्काविषयी चकार शब्द नाही. मला एकच विचारायचं होतं — सर, मी पाहिजे होते का तुम्हाला? का नुसती अक्काची जागा भरली? आज विचारू, उद्या विचारू करत राहिले. आता काय लिहून शोधू?

३० सप्टेंबर
भूकंपाला एकोणतीस वर्षं. अक्काच्या नावानं नैवेद्य दाखवला. ती बावीसचीच राहिली. थोरली आता मीच.

३ ऑक्टोबर
काय करून बसले मी!

भांडी बांधत होते. पिठाच्या डब्याखाली पेपर अंथरलेला. गेल्या दिवाळीत एका गठ्ठ्याची सुतळी तुटली होती, त्यातलंच एक पान मी घातलं असणार. उलटं केलं तर मागं कोरं नाही! निळी शाई, ह्यांचं अक्षर. "सिंधु, आज तुझ्या बहिणीनं..." पुढचं तेलानं सगळं खाल्लेलं.

आधी तर डोकंच फिरलं. मेलेल्या बाईला लिहायला वेळ होता ह्यांना! म्हणून हात लावू देत नव्हते. मग आठवलं, बाकीची पानं रद्दीत. मीच घातली, मोठ्या तोऱ्यात! जेवण गेलं नाही. तुझ्या बहिणीनं — काय केलं होतं मी?

४ ऑक्टोबर
खाजामियाँनी शटर उघडायच्या आधी जाऊन उभी. रद्दीचा तर केव्हाच लगदा झाला. मी तिथंच पायरीवर बसले. ते म्हणाले, "भाभी, फिकर करू नका. मशीन दोन्ही बाजू वाचतीच. तुम्ही नको म्हटलं म्हणून मागच्या बाजू मी काढून टाकल्या. टाकलेलं तीस दिवस कॉम्प्युटरच्या कचऱ्यात राहतं." दोघांनी बोटं मोजली. पंचवीस झाले होते! मी महादेवाचं नाव घेतलं, त्यांनी अल्लाचं.

निघाली! बाराशेच्या वर कोरी अन् लिहिलेली एकसष्ट. वेगळी काढताना म्हणाले, "मी वाचलं नाही भाभी. अमानत हाय." डोळे पुसत होते, म्हणजे दोन ओळी तरी वाचल्याच. असू दे.

५ ऑक्टोबर
उघडवत नाही.

६ ऑक्टोबर
उघडलं. पहिलं पान लग्नानंतर आठच दिवसांनी. "सिंधु, रुद्राणी घरी आली. मला तिच्याकडं बघवत नाही. पाठमोरी चालताना ती तुझ्यासारखीच दिसते."

घ्या! हेच पाहिजे होतं ना ऐकायला? फोन पालथा टाकला अन् रडले. मोठ्यानं रडले, शेजारच्या हॉस्टेलातल्या पोरींना ऐकू गेलं तरी गेलं.

संध्याकाळी चहा पिऊन पुन्हा बसले. शिल्पानं शिकवल्याप्रमाणं सगळी तारखेनं लावली. वाचत गेले. "सिंधु, आज तिनं दाजी म्हणायचं सोडलं. बरं वाटलं, अन् तुझी लाज वाटली." "सिंधु, ही भांडते! तू भांडत नव्हतीस." "सिंधु, मुलगी झाली. तुझं नाव ठेवू म्हटलं तर हिनं मान डोलावली. पण मीच नको म्हटलं, ही लेक रुद्राणीची." मला तर वाटायचं, अक्काचं नाव ह्यांच्या जिभेवर येत नाही म्हणून नको म्हणाले असतील.

तारखेनं लावल्यावर आणखी एक दिसलं. पानं कमी कमी होत गेलीत. पंच्याण्णव सालची तीस. सत्त्याण्णवची चार. अठ्ठ्याण्णवचं एकच, शेवटचं. ते आज नाही. डोळे चुरचुरतायत.

७ ऑक्टोबर
१२ जून १९९८. "सिंधु, रागावू नको. हल्ली लिहायला बसलो की काही उरलेलंच नसतं. दिवसभरातलं सगळं जेवताना रुद्राणीला सांगून झालेलं असतं. कधी एकदा घरी जातो अन् तिला सांगतो असं होतं."

अहो! मी नीट ऐकलं असतं हो.