सलमाबादचे पाच विसराळू कॉम्प्युटर

शनिवार, १ नोव्हेंबर
आखातातल्या आमच्या सलमाबादच्या मराठी मंडळाची मीटिंग. मुलांसाठी शनिवारचा मराठी वर्ग काढायचं ठरलं. रुपेश लगेच म्हणाला, टॅब घेऊ. शिसारी येते या माणसाची. काही झालं की नवीन वस्तू. मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये पाच जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, त्यांच्यात हलकं लिनक्स टाकतो, वर्गही मीच घेतो. अध्यक्ष केशवराव म्हणाले, प्रबुद्ध, २२ तारखेला सुरू झालं नाही तर वर्ग रुपेशकडे. म्हटलं, चालेल. मी एसी मेंटेनन्सला असलो म्हणून काय झालं, ऑफिसचा प्रिंटर कोण चालू करतं?

खरं कारण माझी मुलगी मैत्री. तेरा वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. माझी पोरगी आणि माझ्याशी अशी बोलते. हे सहन होत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
एक कॉम्प्युटर घरी आणला. बायको, श्रावस्ती, म्हणाली, काहून आणलं हे भंगार? लिनक्स टाकलं. मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड वेगळे जोडावे लागतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. जोडले. स्क्रीनवर ‘जय भीम’ टाइप केलं. सुंदर दिसलं. अर्ध्या तासाचं काम. लोक उगाच बाऊ करतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मराठी मफी, म्हणजे इथल्या अरबीत गायब. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ही सिस्टिम म्हणे सगळं मेमरीत ठेवते आणि बंद झाली की विसरते. असलं बनवणाऱ्याच्या अकलेची कीव येते. पुन्हा जोडलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
चौकोन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी
चौकोन. किळस आली आहे. मॅन्युअल वाचणार नाही. ज्यांना काम येत नाही ते मॅन्युअल वाचतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मैत्रीने उभ्या उभ्या मोबाइलवर ते मॅन्युअल वाचलं आणि इंग्रजीत सांगू लागली, की एक्स्टेन्शन डिस्कवर सेव्ह करा आणि सुरू होताना लोड करायच्या यादीत त्यांची नावं घाला. म्हटलं, आधी अभ्यास कर, आणि मराठीत बोल. ती गेल्यावर तेच केलं. माझ्या डोक्यात होतंच ते.

कुठे सेव्ह करू, असं कॉम्प्युटरने विचारलं. पेनड्राइव्ह निवडला, विचार करून. मंडळाच्या खोलीची चावी दहा जणांकडे असते. लिनक्स राहू दे कॉम्प्युटरमध्ये, मराठी माझ्या खिशात हवी. तीनदा बंद करून चालू केला. मराठी जागेवर. केशवरावांना फोन केला, काम खलास.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आठवडाभरात बाकीच्या चारमध्येही तेच केलं. कंपनीच्या पिकअपमधून पाचही कॉम्प्युटर मंडळाच्या खोलीवर नेले. पाच पेनड्राइव्ह लावले, पाचहींवर मराठी. मग पेनड्राइव्ह काढून घरी आणले आणि पासपोर्टांबरोबर कपाटात कुलूपबंद केले. रुपेश म्हणत होता, भाऊ, पेनड्राइव्ह इथेच राहू द्या ना. त्याला हवेच असणार. मी ओळखून आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
उद्घाटनाचं भाषण लिहिलं, चार पानं. मुद्दा: जिद्द असेल तर टॅब लागत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर
अकरा मुलं, त्यांचे आईबाप, केशवराव. भाषण झालं. पाचही कॉम्प्युटर चालू केले.

पाचहींवर चौकोन.

आधी व्होल्टेजवर ढकललं, मग दमट हवेवर. मग सगळ्यांसमोर रुपेशला विचारलं, कोणी हात लावला होता का. मैत्रीने हळूच विचारलं, पेनड्राइव्ह कुठे आहेत. म्हटलं, घरी, सेफ. केशवराव छताकडे बघत होते.

मुलं गोंधळ घालू लागली. मैत्रीने मार्कर घेतला, पांढऱ्या बोर्डवर प्रत्येकाचं नाव मराठीत लिहिलं आणि वाचून घेतलं. मग विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट सांगितली, सगळी मराठीत. तासभर कोणी हललं नाही. मी मागे पाचव्या कॉम्प्युटरची वायर तपासत होतो. मैत्रीला ती काही लागत नव्हती.

वर्ग रुपेशकडे गेला. शिकवणार मैत्री.

रविवार, २३ नोव्हेंबर
श्रावस्ती म्हणते, तुम्ही ड्यूटीवर असता तेव्हा मी तिला दोन वर्षं शिकवते आहे, माझ्याशी ती मराठीतच बोलते. मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणते, सांगितलं होतं, दोनदा.

संध्याकाळी मैत्रीला विचारलं, मग माझ्याशीच इंग्रजीत का. ती म्हणाली, पप्पा, मराठीत बोललं की तुम्ही मध्येच शब्द दुरुस्त करता, आणि मी काय सांगत होते ते राहूनच जातं. एवढं सगळं मराठीत बोलली. एक शब्द चुकला होता. जिभेवर आलं होतं माझ्या. जेवण होईपर्यंत गप्प बसलो.