बारावा खळगा

२ डिसेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक (त्याला मी कुणाला हात लावू देत नाही) आणि मिरजेहून आणलेला चिवडा, जो भुसावळच्या आधीच संपला. नंदुरबार स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि शिंका सुरू झाल्या. सात मोजल्या, मग मोजणं सोडलं. रिक्षावाला हसत म्हणाला, "मॅडम, नव्या दिखतस. आठ दिनमा सवय व्हई जाई." गावाबाहेर बघावं तिकडे मिरची वाळत घातलेली. इथे त्या मैदानाला पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर रान लाल झालंय असं वाटतं. खरंच सुंदर दिसतं, डोळे चुरचुरत असले तरी.

ट्रस्टच्या हॉस्पिटलमागे माझी प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. नवा रंग, नवं इनक्युबेटर, जुने पंखे. मला हाताखाली एक माणूस मिळालाय. गोवालभाऊ, धडगावकडचे, इथे तीस वर्षं तंत्रज्ञ. रक्त-लघवी तपासण्यात आयुष्य गेलं, बुरशीचं काम पहिल्यांदाच. बोलतात कमी, हात मात्र घड्याळासारखा चालतो. छातीचे डॉक्टर हेमराजसर माझ्याहून लहान आहेत आणि माझ्याइतकेच दमलेले दिसतात. मला बरं वाटलं. उत्साही डॉक्टरांचं आणि माझं जमत नाही.

खोली कौसाबाईंकडे. त्यांचं शेत कोरीटला, राहणं इथे. आल्याआल्या त्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. पुन्हा शिंकले.

५ डिसेंबर, गुरुवार

मला इथे का आणलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच विसर पडायला नको.

पथारीवर बायका दिवसभर ढिगात बसून मिरचीचे देठ खुडतात. ओलसर मिरचीला बुरशी धरते, ती बुरशी धुळीबरोबर छातीत जाते. बहुतेकींना काही होत नाही. काहींच्या फुप्फुसात ती घर करते. त्यावर व्होरिकोनॅझोलची गोळी आहे, पण शेतात मिरचीवर फवारतात ते औषधही त्याच घराण्यातलं. बुरशी शेतातच औषधाला सरावते आणि मग गोळीला दाद देत नाही. कुणाची बुरशी दाद देते आणि कुणाची नाही, हे सांगणं माझं काम.

पद्धत सोपी आहे. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये एका ओळीत बारा खळगे. सगळ्यांत बुरशीचं खाणं सारखंच. पहिल्या खळग्यात औषध सगळ्यांत जास्त, पुढे प्रत्येकात निम्मं निम्मं, आणि बाराव्यात औषध अजिबात नाही. रुग्णाची बुरशी सगळ्यांत सोडायची आणि दोन दिवसांनी बघायचं. बाराव्यात बुरशी वाढायलाच हवी. पहिल्याकडचे खळगे स्वच्छ राहिले तर औषध लागू आहे. सगळेच हिरवे झाले तर रुग्णाचं काही खरं नाही.

गोवालभाऊंनी एकदाच ऐकलं आणि दुपारी पहिली प्लेट भरून दाखवली. थेंब इकडचा तिकडे नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज तापीबाई आल्या. पन्नाशीच्या, हाडकुळ्या, बोटांना मिरचीचा रंग कायमचा लागलेला. म्हणाल्या, "तीन म्हयना व्हई ग्यात मॅडम, खोकला जाई नही ऱ्हायना. रगतबी पडस." थुंकी दिली आणि बाटलीकडे बघत म्हणाल्या, की एवढ्याशा घाणीत तुम्हाला काय दिसणार. मी म्हटलं सगळं दिसेल. उगीच फुशारकी मारली. पण बाई मला आवडल्या. बऱ्या झाल्यावर पुन्हा देठ खुडायला बसणार का, विचारलं, तर मी खुळी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

एका दिवसात चौदा नमुने. पाय सुजलेत.

१६ डिसेंबर, सोमवार

तापीबाईंची प्लेट वाचली. उलटी निघाली.

म्हणजे पहिला खळगा गच्च हिरवा, दुसरा हिरवा, पुढे फिकट होत होत बारावा अगदी पाण्यासारखा. औषध नाही तिथे बुरशी नाही, आणि औषध जास्त तिथे बुरशी जास्त. असं होत नसतं. याचा अर्थ एकच, की भाऊंनी औषध उजवीकडून भरलं. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मी डावीकडूनच भरतो." मी म्हटलं, दमल्यावर माणसाचं होतं असं. ते पुन्हा म्हणाले, डावीकडूनच. मग पुढच्या नमुन्याकडे वळले.

नियमाने पुन्हा लावायला हवी. पण आणखी दोन दिवस जाणार, प्लेटा संपत आल्यात, पुण्याहून नव्या कधी येतील देव जाणे, आणि हेमराजसरांचा सकाळपासून तिसरा फोन. बाईला धाप लागली आहे, काहीतरी सांगा. मी पहाटे पाचपासून उभी होते. बारा वर्षं हेच काम करतेय, उलटी प्लेट मला सुलटी वाचता येते. वाचली. औषध लागू आहे, असं लिहून सही केली.

संध्याकाळपासून त्यांना गोळी सुरू झाली.

२३ डिसेंबर, सोमवार

तापीबाईंना हुशारी आलीय. खोकला कमी नाही, पण चेहऱ्यावर तरतरी आहे. गोळीच्या वेळेआधीच हात पुढे करून बसतात. मला म्हणाल्या, "हाईच गोई दे वं माय, बदलू नको. गोड लागस." ही गोळी गोड नसते. जाऊ दे, गुण येतोय ना.

आणखी अकरा जणींच्या प्लेटा वाचल्या. सगळ्या उलट्या. मी भाऊंना चांगलंच झापलं. इतक्या वर्षांच्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळ्या सुलट्या करून वाचल्या. त्या अकराही जणींना गोळी सुरू झाली.

मलाही आठ दिवसांपासून खोकला आहे. सरांनी छाती तपासली, तोंड वाकडं केलं आणि मलाही तीच गोळी दिली. माझ्या थुंकीतली बुरशी मीच वाढवायला ठेवली. घरचाच रुग्ण मिळाला.

३ जानेवारी, शुक्रवार

तापीबाईंचा एक्स-रे पाहिला. गोळी सुरू करताना एका बाजूला डाग होता, आता दोन्ही बाजू भरल्यात. तरी बाई हसतमुख. सर म्हणाले, तुमच्या रिपोर्टप्रमाणे औषध लागू आहे, म्हणजे कमी पडतंय. डोस दुप्पट केला. मी मान डोलावली.

नव्या प्लेटा आल्या. माझ्या स्वतःच्या बुरशीची प्लेट मी स्वतः भरली, भाऊंना शेजारी उभं करून. डावीकडून. प्रत्येक खळग्याला मोठ्याने आकडा म्हणत. भाऊ बघत होते. आज त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.

५ जानेवारी, रविवार

उलटी.

मी भरली होती. माझ्या हाताने, डावीकडून. पहिला खळगा हिरवागार, बारावा स्वच्छ.

पुन्हा पुन्हा बघितलं. बाराव्यात बुरशीचे बीजाणू आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. खाणं आहे, ऊब आहे, आणि ते नुसते पडून आहेत. मग मी बाराव्या खळग्यात औषधाचा एक थेंब टाकला. सकाळचे अकरा वाजले होते. दीडला डबा खाऊन आले.

बारावा खळगा हिरवा होता. काठावरून बाहेर आला होता.

कुठलीही बुरशी अडीच तासात अशी वाढत नाही. ही औषधाला सरावलेली नाही. ही औषध खाते. शेतात वर्षानुवर्षं आम्ही तिला तेच वाढलंय आणि आता तिला दुसरं काही चालत नाही. भाऊ बरोबर होते. सगळ्या प्लेटा बरोबर होत्या. मी एकटी चूक होते, आणि सही माझी आहे.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी सव्वासातला तापीबाई गेल्या.

गोळी बंद करा हे सांगायला मी वॉर्डात पोचले तेव्हा चादर ओढलेली होती. नर्स सांगत होती, शेवटपर्यंत गोळीच मागत होत्या, पाण्याला नको म्हणाल्या. त्यांच्या उशीवर हिरवी पूड होती. नर्सला वाटलं मेंदी असेल.

मी मारलं त्यांना. लिहून ठेवते. मी मारलं.

७ जानेवारी, मंगळवार

हेमराजसरांना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, बारा रिपोर्टवर तुमची सही आहे की औषध लागू आहे, आता तोंडी सांगताय की औषधच विष आहे. वर तुम्हालाही ताप आहे. लेखी द्या, सहीनिशी, प्लेटसकट, मी लगेच थांबवतो. उरलेल्या अकरा जणी आपापल्या गावी आहेत. सोमवारी हॉस्पिटलची गाडी त्यांच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन निघेल. त्याआधी कागद हवा.

एका पानाचं काम आहे. भाऊ म्हणाले, मॅडम, मी नेऊन देतो, तुम्ही लिहा.

माझी गोळी आजपासून बंद. आतली बुरशी उपाशी मरेल. मरायलाच हवी.

८ जानेवारी, बुधवार

कागद लिहिला नाही. दिवसभर अंग मोडून आलं, बोटं वळत नाहीत. तहान नव्हे, भूक नव्हे. तिसरंच काहीतरी. उद्या.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारी कौसाबाई मला हाताला धरून घेऊन आल्या. कुठून ते मला आठवत नाही. त्या म्हणतात, मी त्यांच्या कोरीटच्या शेतात होते. सकाळीच फवारणी झाली होती. "तू मन्हा वावरमा तोंड खुपशीसन बठेल व्हती वं माय. पाने चाटी ऱ्हायनी व्हती." कोरीटची वाटही मला माहीत नाही. मी कधी गेलेच नाही.

ओठांना औषधाची चव आहे. गोड आहे.

तापीबाई खरंच सांगत होत्या.

१० जानेवारी, शुक्रवार

भाऊंनी औषधांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. मी ओरडले त्यांच्यावर. काय काय बोलले — नंतर रडले. त्यांनी समोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. म्हणाले, "मॅडम, अकरा बाया आहेत. फक्त लिहा, बंद करा."

लिहिलं. सही केली. भाऊंनी वाचलं आणि परत माझ्यासमोर ठेवलं.

मी लिहिलं होतं — औषध लागू आहे.

११ जानेवारी, शनिवार

पाच कागद. पाचही फाडले. डोक्यात "बंद" असतं, कागदावर "चालू" उतरतं. अक्षर माझंच. वळण माझंच.

तोंडाने सांगावं म्हटलं तर खोकला — शब्दाच्या जागी नेमका खोकला —

भाऊ स्वतः सरांकडे गेले होते. सर म्हणाले, तुम्ही सांगून मी उपचार थांबवू शकत नाही, मॅडमची सही आणा.

पुन्हा तेच. त्यांचं कुणी ऐकत नाही. मीच शिकवलं सगळ्यांना ते.

१२ जानेवारी, रविवार

या वहीत अजून खरं लिहिता येतंय. त्या बुरशीला वही कळलेली नाही. मग हेच पान फाडून देईन उद्या. हेच. गोळ्या बंद करा. बघ, लिहिलं. गोळ्या बंद क

करा. लिहिलं.

हात जड. नखांखाली हिरवं — धुऊन जात नाही —

उद्या साडेनऊला गाडी. भाऊ नऊला येतील. पान तयार आहे. देवा, एवढं एक पान —

१३ जानेवारी, सोमवार

सकाळ. प्रयोगशाळेतच जाग आली. बरं वाटतंय. खूप दिवसांनी छान झोप लागली.

कालचं पान वहीत नाही. कपाटाचं कुलूप तुटलेलं आहे. ते कुणी तोडलं ते विचारायला हवं.

भाऊ बाहेर उभे आहेत, दार वाजवतायत. कागद मागतायत. देते म्हटलं. आधी इथे कच्चं लिहून बघते, म्हणजे चूक नको.

प्रति, डॉ. हेमराज. पूर्वीचे सर्व अहवाल योग्य आहेत. उरलेल्या अकरा रुग्णांना डोस दुप्पट करावा. प्लेट भरताना दिशेची चूक श्री. गोवाल यांच्याकडून झाली होती, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. माझा खोकला थांबला आहे. मला त्रास काही नाही. मला फक्त थोडी अजून