मला काहीच माहीत नाही म्हणे!

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा गजक मागितली, ती तीळ-गुळाची खुसखुशीत वडी. आली! पूर्वी दुसऱ्या लाडवाला हात लावला की आमची बायको शालिनी डोळे वटारायची. आता स्वतः माधवगंजाच्या बाजारात जाऊन घेऊन येते. जूनमध्ये ऑपरेशन झाल्यापासून या घरात माझा शब्द खाली पडत नाही.

कारण मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. टाके काढायला गेलो तेव्हा मी पडद्याआड टेबलावर आडवा. पलीकडे डॉक्टर आमच्या उत्कर्षला सांगत होते — अपेंडिक्स में गाँठ निकली है, लो ग्रेड है, यानी धीरे बढ़ने वाली, पूरी निकल गई, पर हर छह महीने स्कैन और खून की जाँच कराते रहिए. चिरंजीव आत आले आणि म्हणाले, नुसतं अपेंडिक्स होतं बाबा, एकदम नॉर्मल. चेहरा असा पांढराफटक! गाढवाला खोटंही धड बोलता येत नाही. मी आपला भोळेपणाने मान डोलावली.

८ जानेवारी

लीलाताई आली. थोरली बहीण माझी. कपाळाला खंडोबाचा भंडारा फासला, गळ्यात पडून रडली, आणि वर म्हणते, साधं अपेंडिक्स रे, मनाला लावून घेऊ नकोस. छे, मी कशाला लावून घेऊ, म्हटलं. तर आणखी रडली!

आमच्या मोहल्ल्यातल्या, शिंदे की छावनीतल्या किराणावाल्यालासुद्धा गाठीचं ठाऊक आहे. परवा त्याने दोन्ही हातांनी नमस्कार केला, उधारीच्या काळात कधी केला नव्हता.

१० जानेवारी

मजा संपली.

शालिनी हळू आवाजात उत्कर्षशी बोलत होती. स्कॅनची तारीख उलटून गेली, पण यांना काय सांगून न्यायचं? अपेंडिक्स निघालं, मग आता पोटाचा फोटो कशाला, असं विचारतील. संशय येईल, खचून जातील. उत्कर्ष म्हणाला, रहने दो आई, होळीनंतर बघू.

होळीनंतर! माझं मन जपायचं म्हणून माझं पोट वाऱ्यावर! आणि मी बोलावं तर सहा महिन्यांचं सोंग उघडं पडतं. भीती वाटली. खरंच वाटली.

११ जानेवारी

युक्ती सुचली — जेवताना पोट धरून बसायचं. घाबरतील, उचलून स्कॅनला नेतील.

१२ जानेवारी

कसलं काय! बेंबीवर हिंग. नंतर एरंडेल. लीलाताईने मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. उत्कर्षचं निदान, गॅस आहे, गजक बंद.

गजक बंद!!

१४ जानेवारी, संक्रांत

सांगून टाकलं. तिळगूळ हातात असतानाच म्हटलं, "गाठ होती. मला पहिल्यापासून माहीत आहे. मला स्कॅनला न्या."

मी खचेन म्हणून शालिनी जपत होती; मी खचलो नाही हे दिसलं आणि ती भडकली. "मी रोज जीव मुठीत धरून हसत होते, आणि तुम्ही मजा बघत होतात?"

बघत होतोच. दिवसभर बोलली नाही माझ्याशी. लाज वाटली.

१६ जानेवारी

स्कॅन झाला. रक्तही दिलं. शालिनी सोबत होती. अजून फुगलेलीच. पण माझी शाल स्वतःच्या मांडीवर घडी करून धरली होती.

२० जानेवारी

डॉक्टरांनी मलाच समोर बसवलं. जयसिंहरावजी, उजवीकडे थोडं म्यूकस, म्हणजे त्या गाठीतला चिकट द्राव दिसतोय, म्हणाले. छोटंसं आहे, लवकर दिसलं, पण पुन्हा ऑपरेशन लागेल. होळीपर्यंत थांबायला नको.

घरी आल्यावर शालिनी माझ्याजवळ बसून रडली. आजवर तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडायची. मीही रडलो. मग दोघांनी चहा घेतला.