कणकेचा गोळा

मामा, तुमच्या शेडला गेल्या आठवड्यात कुलूप लागलं. तुमच्या मुलाचा फोन आला होता, "दादा, काही हवं असेल तर घेऊन जा, यार, बाकी सगळं भंगारात जाईल." मी गेलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. तुमचं जुनं टिग वेल्डिंगचं मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझा उजवा कोपर आपोआप अंगाशी आला. चुकलं की तिथेच तुमच्या तारेचा फटका बसायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कोपराला ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही मला शिकवलंत, हे मी नाकारत नाही. गावच्या शाळेतून निघालो आणि थेट दिल्लीजवळ मानेसरला तुमच्या शेडमध्ये येऊन पडलो. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तुम्ही डेअऱ्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या नळ्या जोडायचं काम धरलं होतं. टंगस्टनची सुई उदबत्तीसारखी बारीक कशी घासायची, एका हातात वेल्डिंगचा टॉर्च आणि दुसऱ्यात तार कशी चालवायची, सगळं तुमच्याकडचं. पातळ नळीवर टॉर्च क्षणभर जास्त थांबला की भोक. "पोळ्या लाटायला आलायस का रे? आधी श्वास सोड, मग हात हलव!" मी मनातल्या मनात दत्ताचं नाव घेत श्वास सोडू लागलो आणि हात स्थिरावला. जोड सोनेरी उतरायला लागले. त्या दिवशी तुम्ही स्वतःचे मऊ चामड्याचे हातमोजे मला दिलेत. मामीनं शिरा केला. मला वाटलं, आता मी कारागीर झालो.

रोज सकाळी मामी स्वयंपाकघरात कणीक मळायची आणि त्यातला एक मोठा गोळा वेगळ्या डब्यात घालून तुम्हाला द्यायची. एकदा शेडला जायच्या बसची वाट पाहताना मी म्हणालो, "मामा, तुमचं बरं आहे. रोज गाईला घास घालता ना?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हसलात. "हो रे, तेवढंच पुण्य." गाईला घालताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं, पण गावाकडे असं पुण्य कुणी दाखवून करत नाही, म्हणून मला तुमचा आदरच वाटला. आणि शेडमध्ये महत्त्वाचा जोड आला की तुम्ही म्हणायचात, "जा, चहा सांगून ये." मी चहा घेऊन येईपर्यंत जोड पुरा झालेला असायचा. तुम्हाला चहाची तलफ फार, एवढंच मी समजत होतो.

मग तुम्ही पानिपतला लग्नाला गेलात. जाताना म्हणालात, "डेअरीची लाइन तूच पुरी कर. आता तुला येतं." मी देवाचं नाव घेऊन एकेक जोड केला. बाहेरून असे सोनेरी, की हात फिरवावासा वाटावा. तुम्ही परतलात त्याच दिवशी डेअरीचा तपासनीस आला आणि त्यानं एक नळी करवतीनं उभी चिरली. आतून जोड काळा, रवाळ. दूध करपल्यावर पातेल्याला खरवड धरते ना, तसा. "ये दूध की लाइन है या गटर की?" तो म्हणाला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. "भांजा है, साहब. गाँव का है. सिखाया बहुत, दिमाग में घुसा ही नहीं." सगळी शेड हसली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाती पॉलिशचं काम आलं. टॉर्च पुन्हा कधी दिला नाहीत. गावात आईलाही कळवलंत, की मुलगा मेहनती आहे, पण हे काम त्याच्या डोक्याबाहेरचं आहे. आईनं ते मरेपर्यंत खरं मानलं.

मी तुमच्याकडून निघालो आणि दुसऱ्या फॅक्टरीत लागलो. तिथे जेवणाच्या सुट्टीत एक बिहारी वेल्डर कणीक मळत बसला होता. मी विचारलं, "गाय के लिए?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे भाई, पाइप के लिए!" त्यानं नळीची दोन्ही तोंडं कणकेनं बुजवली, एका बाजूनं आरगॉन गॅसची रबरी नळी आत खुपसली, दुसऱ्या बाजूला आतली हवा निघून जायला काडीनं भोक पाडलं. "टॉर्च की गैस तो बाहर-बाहर बचाती है. पाइप का पेट भी भरना पड़ता है, नहीं तो अंदर से जल जाएगा." जेवणाची सुट्टी संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. एवढंच होतं ते, मामा. एवढ्यासाठी तुम्ही मला चहाला पाठवत होतात. हे तुम्ही मुलासाठी राखून ठेवलं होतं म्हणावं, तर त्यानं जन्मात टॉर्चला हात लावला नाही.

तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मी भेटायला आलो, ते मुख्यतः हे विचारायलाच. "मामा, कणकेचं मला का सांगितलं नाहीत?" तुम्ही छताकडे पाहत म्हणालात, "तू विचारलं नाहीस." मी तुमचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो. विचारलं होतं, मामा. बसची वाट पाहताना विचारलं होतं.

आता माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी कणीक मळायला लावतो. लोक म्हणतात, उस्ताद दिलदार आहे, काही लपवत नाही. त्यात दिलदारी कसली? दरवेळी ते सांगताना मला तुमच्या डब्यातला गोळा हिसकावून घेतल्यासारखं वाटतं, आणि ते गोड लागतं. रोज देवापुढे बसतो, तरी हे मनातून जात नाही.

हे पत्र तुमच्या मुलाला पाठवून काय होणार? घडी करून दत्ताच्या तसबिरीमागे ठेवीन. एक मात्र सांगतो. गुरुपौर्णिमेला देवाला नैवेद्य दाखवला की मी आणखी एक पान वाढतो. बायको दरवर्षी विचारते, "हे कुणाचं?"

"गाईचं," मी म्हणतो.