छताला भोक न पाडता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, फायबरग्लासचा कारागीर, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, चाळीस वर्षे फायबरची धूळ ओढली, आता जिना चढवत नाही. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर सगळे पत्नीच्या नावे केले असते. ती सहा वर्षांपूर्वी गेली.

कलम १. राहते घर, गच्ची आणि मागची शेड माझ्या मुलीला. तिने विकले तरी हरकत नाही. ती इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. फक्त खालच्या खोलीतल्या शिलाईवाल्या बाईंना त्या हयात असेपर्यंत कोणी उठवू नये. पत्नीच्या आजारपणात शेवटचे चार महिने हिची वेणी त्याच घालत होत्या. मी तेव्हा शेडमध्ये असे.

कलम २. बँकेत जे असेल तेही मुलीलाच.

कलम ३. साचे, रोलर, ग्राइंडर आणि बाकी हत्यारे कारखान्यातला माझा जोडीदार बारक्या याला. तो आता साठीचा आहे, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणतात. ग्राइंडर चालू होताना झटका देतो, दोन्ही हातांनी धरावा.

कलम ४. शेडमधली कॅम्पर गाडी. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

ही गाडी आम्ही दोघा नवराबायकोने बांधली. जुन्या व्हॅनच्या सांगाड्यावर मी फायबरचे अंग चढवले. गाद्या आणि पडदे हिने शिवले. आत दोन पलंग आणि छोटा ओटा. हिचे वडील दीपगृहावर नोकरीला होते, हिचे लहानपण तिथेच गेले. तिथे एकदा परत जायचे, एवढेच हिचे मागणे होते. रस्ता तीन दिवसांचा. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. मग हिच्या कण्यात गाठ निघाली आणि ही चाकाच्या खुर्चीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्यायचं असेल तर हिवाळ्याच्या आत न्या."

खुर्ची आणि ती गाडीत चढवायची फळी आत मावेना. म्हणजे छतावर कॅरिअर हवा. माझा धाकटा भाऊ लोखंडी कॅरिअर आणि ड्रिल घेऊन आला आणि गाडीला शिडी लावली.

"दादा, चार भोकं पाडू, बोल्ट घालू, सीलंट भरू. रविवारी निघा तुम्ही."

मी शिडी काढून घेतली. जन्मभर मी लोकांची गळकी छते दुरुस्त केली होती. एवढ्याशा भोकातून पाणी शिरते, आतल्या लाकडाच्या थरात मुरते, वरून काही कळत नाही, आणि चार वर्षांत छत पाय दिला की दबते. हे सगळे मी त्याला शाळेतल्या पोराला समजवावे तसे समजावले.

ही खिडकीशी बसून ऐकत होती. म्हणाली, "अहो, कुजायला चार वर्षं लागतात ना? मग मला कुठे अडचण आहे?"

मी ऐकलेच नाही असे दाखवले.

भाऊ हट्टाला पेटला तेव्हा मी म्हणालो, "तुला आयुष्यात एक काम धड करता आलं नाही, आता माझं बिघडवायला आलास." तो ड्रिल उचलून निघून गेला. कॅरिअर तसाच अंगणात राहिला. मुलगी भाड्याची मोठी गाडी घेऊन यायला तयार होती. तिलाही मी नको म्हणालो. घरची गाडी असताना भाड्याची कशाला.

मग मी कामाला लागलो. आधी कॅरिअरचे पाय नुसते चिकटवले. ओढून पाहिले तर छताचा वरचा गुळगुळीत थरच सालीसारखा निघून आला. मग खालच्या सांगाड्यापासून लोखंडी कमानी उभ्या केल्या. त्यांनी मागचे दार अडवले. शेवटी छत खरवडून त्यावर फायबरच्याच रुंद बैठका थरावर थर देत चढवल्या आणि नट त्यांच्या पोटातच गाडले. थंडी पडली होती, फायबरला घट्ट करणारे रेझीन लवकर कडक होईना. दिवे लावून शेकत बसलो. आठवडे गेले.

काम जमले. बारक्या कॅरिअरला लोंबकळला तरी तो तसूभर हलला नाही. मी घरात सांगायला गेलो. आदल्या दिवसापासून हिला बसवत नव्हते. "छान झालं," ही म्हणाली, आणि कूस बदलायला हात मागितला. सतराव्या दिवशी ही गेली. त्या कॅरिअरवर आजवर काहीही ठेवलेले नाही.

अंत्यविधीला भाऊ आला, लांब उभा राहिला, गेला. पुढची पाच वर्षे मी त्यालाच दोष देत होतो. कशाबद्दल, ते आता मला सांगता येत नाही.

गाडी त्याला द्यावी असे मी आधी ठरवले होते आणि तसे पत्राने कळवले. गेल्या आठवड्यात उत्तर आले, ते जसेच्या तसे उतरवतो: "दादा, गाडी नको. तुझ्यावर राग धरू नको असं वहिनीने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी प्रयत्न केला. जमलं नाही."

सबब गाडी कोणालाही देऊ नये. फायबर भंगारवाला घेत नाही, पुरले तर कुजत नाही, जाळले तर गल्लीला श्वास घेता येणार नाही. बारक्याने ती शेडमध्येच, वर पाणी मारत, तोंडाला मास्क बांधून कापावी. बैठका सोडवण्याच्या फंदात पडू नये. छत फाटेल, त्या सुटणार नाहीत.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. बारक्याला वाटा असल्याने त्याला साक्षीदार करता आले नाही, म्हणून खालील दोघांना बोलावले. त्यांच्यादेखत मी सही करत आहे.

सही करण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी सगळे वाचले आणि मुलीला यातले काही सांगितले आहे का, असे विचारले. सांगितलेले नाही. ती दर रविवारी फोन करते, औषध घेतले का विचारते. मी घेतले म्हणतो, आणि ती फोन ठेवते.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, कुटुंबाच्या डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले

ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: ९ डिसेंबर, दुपारी