शाळेतलं फुकटचं दूध

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघे दुखतात लिहितेस आणि शाळेचे दोन जिने रोज चढतेस! मुख्याध्यापिकेला कोण रागावणार म्हणा.

आज फार आठवण आली. इथल्या परराष्ट्र खात्याच्या बैठकीत नेहमीसारखा दुभाष्या म्हणून बसलो होतो. आपल्या देशातल्या शाळांना पुन्हा दुधाची पावडर पाठवायची म्हणाले आणि मला आपली शाळेतली दुधाची रांग दिसली, ॲल्युमिनियमचे पेले, दोघांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा. पण तासभरात मुलांचं नाव कुणी काढलं नाही. इथल्या दूधवाल्यांची गोदामं तुडुंब भरलीत, भाव पडलाय, निवडणूक तोंडावर आहे. शिवाय यांचा प्रतिस्पर्धी देश आपल्याकडे बंदर बांधून देतोय, तेव्हा यांनाही तिथे दिसायला हवं.

गोड आठवणीवर विरजण पडलं बघ.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

विरजण तेव्हाच पडलं होतं, तू लहान होतास. शाळेत फुकट दूध आलं आणि बाबांचा रतीब घरोघरी बंद झाला. गाई म्हाताऱ्या झाल्या म्हणून विकल्या, असं ते आपल्याला म्हणाले. खरं काय ते आईने मला फार पुढे सांगितलं. तुला कळू द्यायचं नव्हतं, कारण तू शाळेतून पेला सांभाळत आणून बाबांना चव घ्यायला लावायचास आणि ते छान आहे म्हणायचे.

आता शाळेला इथल्या बायकांच्या डेअरीचं दूध येतं. पावडर आली की त्यांचंही तेच होणार. बोलता आलं तर बोल. नोकरीवर गदा येणार असेल तर मात्र गप्प राहा, तुलाही दोन लेकरं आहेत.

माया कमी करू नकोस.
तुझी ताई

ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं, तरी बाबांच्या गाईंचं सांगितलं. साहेब लोक कागद चाळू लागले. पावडरीसाठी हटून बसलेला खासदार मात्र बाहेर माझ्याजवळ थांबला. दुधाचा भाव पडल्यामुळे त्याच्याही वडिलांनी गेल्या वर्षी गाई विकल्या म्हणाला. अजून पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात. मग बराच वेळ आम्ही गाईंविषयीच बोलत राहिलो.

पावडरीचं जहाज थांबलं नाही. तुमचा भाग तेवढा त्याने यादीतून वगळायला लावला. मला आता बैठकांना बोलवत नाहीत, तळमजल्यावर कागदांची भाषांतरं करतो. नोकरी आहे, काळजी नको.

निघताना त्याने विचारलं, गाई गेल्यावर तुमचे वडील पहाटे काय करायचे? विचारून कळवतो म्हटलं. ताई, तुला आठवतं का?

उत्तराची वाट पाहतो, लोभ असू दे.
तुझा धाकटा